एक बेट, एक शहर आणि एक जादा सकाळ



यंदा आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली. ऑफिसमधला एक मित्र ग्रीसला जाऊन आला होता. सँटोरिनी बेटावर तीन रात्री, अथेन्स शहरात दोन. त्याचे फोटो आमच्या घरात आठवडाभर फिरले. एक बेट आणि एक शहर हे गणित मला आवडलं. लेकीला समुद्र मिळतो, मला इतिहास मिळतो आणि रजा फार जात नाही. मी त्याला फोन करून तासभर पिडलं. त्याने बरंच सांगितलं, पण त्यातलं एक वाक्य मी लिहून ठेवलं: "बेट आधी कर, शहर शेवटी ठेव."

कारण साधं आहे. एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून जोराचा वारा सुटतो. त्याला तिथे मेल्टेमी म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये तो ऐन भरात असतो. वारा ठरावीक जोराच्या वर गेला की बोटी बंदरातून सुटत नाहीत. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी तुम्ही बेटावर अडकलात, तर विमान तुमची वाट पाहत नाही. म्हणून शेवटची रात्र विमानतळ असलेल्या शहरात काढायची.

आमचा ग्रीसचा बेत मात्र कागदावरच राहिला. खर्च होता, व्हिसा होता, पण खरी अडचण वेगळी होती. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून आई आमच्याकडे अथालला असते. तिचं वय सहासष्ट, एक गुडघा कुरकुरणारा. बायको म्हणाली, "आईंना एकटं ठेवून गेलो तर मला तिथे घास गोड लागायचा नाही. त्यांना येता येईल असं बेट शोध."

असं बेट आपल्याच प्रदेशात आहे. 26 जानेवारी 2020 पासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश आहे. दमणला आपण दर दोन-चार महिन्यांनी जातो. दीव मात्र आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय? शेजारच्या काकांना सांगितलं तर ते हसले. "दीवला कशाला? आपल्याकडे काय दुकानं कमी आहेत?" गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे दीवचं नाव तेवढ्याचसाठी निघतं, याचा मला रागच आला.

शहर कोणतं, हे आईने ठरवलं. दीव म्हटल्यावर तिने विचारलं, "तिथून गिरनार किती लांब?"

हा प्रश्न साधा नव्हता. बाबा दत्तभक्त. त्यांना आईला घेऊन गिरनारला जायचं होतं, पण पायऱ्यांची धास्ती. 2007 साली गिरनारच्या रोपवेची पायाभरणी झाल्याचं त्यांनी वाचलं, तेव्हापासून त्यांचं ठरलेलं उत्तर: "रोपवे होऊ दे, मग जाऊ." रोपवे सुरू झाला ऑक्टोबर 2020 मध्ये. तेव्हा कोविड होता. नंतर बाबांचं आजारपण सुरू झालं. ते जाणं राहूनच गेलं. म्हणून शहर ठरलं जुनागढ.

मग मी नकाशा उघडला. अथालहून दीव रस्त्याने, बडोदा-भावनगर करत, साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास पडतं. आईला एवढा वेळ गाडीत बसवणं शक्य नव्हतं. वांद्र्याहून वेरावळला जाणारी रेल्वे रातोरात जुनागढला पोचवते, पण मग पुढे दीवपर्यंत भाड्याची गाडी, सामान, चढउतार. उपाय निघाला खंभातच्या आखातातून. सुरतजवळच्या हजीऱ्याहून भावनगरजवळच्या घोघा बंदरापर्यंत नोव्हेंबर 2020 पासून रो-पॅक्स बोट आहे. गाडी आत चढवायची, आपण वरच्या मजल्यावर जाऊन बसायचं. रस्त्याने 370 किलोमीटरचं अंतर समुद्रातून 90 किलोमीटरवर येतं आणि साधारण चार तासांत आपण सौराष्ट्रात.

तारखा ठरवताना तीन गोष्टी टाळल्या. दिवाळीचा आठवडा, कारण तेव्हा दीवला खोली मिळणं मुश्कील. कार्तिकी एकादशी ते पौर्णिमा, कारण गिरनारची परिक्रमा असते आणि जुनागढला पाय ठेवायला जागा नसते. आणि महाशिवरात्र, कारण गिरनारच्या पायथ्याशी भवनाथची जत्रा भरते. उरला संक्रांतीनंतरचा आठवडा. शुक्रवार ते बुधवार, पाच रात्री, ऑफिसच्या चार रजा.

बायकोच्या हिशोबाने चार रात्री पुरत होत्या. पाचवी मी हट्टाने वाढवली. आमच्या कामात कोणतंही वेळापत्रक करताना जिथे काम अडण्याची शक्यता जास्त, तिथे मोकळा वेळ ठेवतात. मित्राच्या ग्रीसच्या बेतात अडण्याची जागा बेटावर होती. आमचं दीव तर पुलाने जोडलेलं, तिथे अडकायची भीती नाही. आमची अडण्याची जागा होती गिरनारचा रोपवे, कारण वारा वाढला की तोही बंद ठेवतात. म्हणून बेट आधी, शहर नंतर, आणि शहरात एकाऐवजी दोन सकाळी. बायको म्हणाली, "एका पाळण्यासाठी एक अख्खी रजा?" मी म्हटलं, "हो."

शुक्रवारी पहाटे चारला अथालहून निघालो. नरोली, भिलाड, मग हायवेने सुरत आणि हजीरा. बोटीवर गाडी चढवताना लेकीने डोळे मिटून घेतले होते. आखाताचं पाणी निळं नसतं, चक्क चहासारखं असतं, हे पाहून ती जरा हिरमुसली. पण सीगल पक्षी बोटीमागे लागले आणि तिचे चार तास कसे गेले कळलं नाही. घोघ्याहून तळाजा, महुवा, राजुला, उना करत संध्याकाळी दीव.

दीव बेट छोटं आहे, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला अर्धा तास पुरतो. पण एवढ्याशा बेटासाठी केवढ्या लढाया झाल्या! 1509 साली इथल्या समुद्रात पोर्तुगीजांनी गुजरातचा सुलतान, इजिप्तचे मामलुक आणि कालिकतचा सामुद्री यांच्या एकत्र आरमाराला हरवलं आणि हिंदी महासागरात त्यांचा जम बसला. किल्ल्याचं बांधकाम 1535 मध्ये सुरू झालं. तटावरून तोफा अजून समुद्राकडे तोंड करून उभ्या आहेत आणि समोर पाण्यात पाणीकोठा दिसतो. आई बुरुजावर बसून म्हणाली, "आपल्याकडचे पोर्तुगीज इथलेच का?" मी म्हटलं, तेच. सिल्वासा 2 ऑगस्ट 1954 ला मुक्त झालं. त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते, हे आपल्या मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. दीवला मात्र 19 डिसेंबर 1961 पर्यंत थांबावं लागलं. त्या सात वर्षांत आपण मोकळे होतो आणि आज ज्यांच्याबरोबर आपला एक प्रदेश आहे ते दीवकर अजून परक्या राज्यात होते, हे माझ्याही तिथेच लक्षात आलं.

खुकरी स्मारकापाशी आई सर्वांत जास्त वेळ थांबली. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात आयएनएस खुकरी पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. आई तेव्हा बारा वर्षांची होती. खिडक्यांना लावलेले काळे कागद तिला आठवत होते. लेकीला तिने ते सगळं सांगितलं. मला ते तिने कधी सांगितलं नव्हतं, किंवा मी कधी विचारलं नव्हतं.

बाकी नागव्याचा किनारा, फांद्या फुटलेली होका ताडाची झाडं, सेंट पॉल चर्च, नायडा गुहा हे सगळं एका दिवसात आरामात होतं. फुदमच्या गंगेश्वराला जाताना भरतीची वेळ बघून जा. तिथे खडकातल्या पाच शिवलिंगांवर समुद्राचं पाणी येतं, ते बघण्यासारखं आहे.

रविवारी दुपारी निघून सोमनाथचं दर्शन घेतलं आणि रात्री जुनागढ गाठलं.

सोमवारी पहाटे रोपवेच्या खिडकीपाशी पोचलो. वारा होता. इतका की बायकोची ओढणी उडून माझ्या तोंडावर येत होती. रोपवे बंद. कधी सुरू होईल सांगता येत नाही, म्हणाले. आम्ही अकरापर्यंत थांबलो. आई काही बोलली नाही. नुसती वर बघत राहिली आणि मग म्हणाली, "चला, इथवर तरी आलो." तिने मनातल्या मनात आवरतं घेतलंय हे मला कळलं. मी म्हटलं, "आई, उद्याची सकाळ आहे आपल्याकडे." बायकोने माझ्याकडे पाहिलं. रजेचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

तो दिवस शहर बघितलं. गिरनारच्या वाटेवरच अशोकाचा शिलालेख आहे. एकाच खडकावर तीन काळांचे लेख. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या अशोकाच्या चौदा आज्ञा, मग सन 150 च्या सुमाराचा रुद्रदामनचा लेख आणि पाचव्या शतकातला स्कंदगुप्ताचा. रुद्रदामनचा लेख एका धरणाबद्दल आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या काळी इथे सुदर्शन तलाव बांधला होता. प्रचंड वादळ-पावसात तो फुटला. रुद्रदामनने प्रजेवर जादा कर न लावता स्वतःच्या खजिन्यातून तो दुरुस्त केला. पुढे तो पुन्हा फुटला आणि स्कंदगुप्ताच्या काळात पुन्हा बांधला गेला. आम्ही कोडमध्ये काय बिघडलं, कुणी दुरुस्त केलं याची नोंद ठेवतो, अगदी तशीच ही नोंद. फरक इतकाच, की ही आजही वाचता येते. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे इथला वारा जुनाच आहे." दुपारी उपरकोट पाहिला. अडी-कडी वाव आणि नवघण कुवो बघायला विसरू नका. अखंड खडकात खोल उतरवलेल्या त्या विहिरी बघून लेक गप्प झाली, आणि ती सहसा गप्प होत नाही.

मंगळवारी सकाळी पानही हलत नव्हतं. पाळण्यात बसल्यापासून सात-आठ मिनिटांत आम्ही वर अंबाजीपाशी होतो. पण इथे एक गोष्ट जाणाऱ्या प्रत्येकाने आधी समजून घ्या. रोपवे दत्तापर्यंत जात नाही. तो अंबाजीपर्यंत नेतो आणि साधारण निम्म्या पायऱ्या वाचवतो. पुढे गोरखनाथांचं शिखर, मग उतार, मग पुन्हा चढ आणि तेव्हा दत्त शिखर. डोल्या मिळतात, वजनावर दर ठरतो. मी आईसाठी डोली ठरवायला निघालो तर तिने हात धरला. "माणसांच्या खांद्यावर बसून नाही जायचं मला. जमेल तेवढं चालते."

ती गोरखनाथापर्यंत चालली. दर वीस पायऱ्यांना थांबत, कठड्याला धरत, लेकीचा हात धरून. गोरखनाथाचं शिखर हे गुजरातमधलं सर्वांत उंच ठिकाण. तिथून समोर दत्ताचा सुळका स्वच्छ दिसतो. आई तिथे बसली. पिशवीतून बाबांची जपमाळ काढून माझ्या हातात दिली. "तू जाऊन ये. पादुकांना लावून आण. मला इथून दिसतंय." मी गेलो. परत आलो तेव्हा बायको आणि लेक चिक्की खात होत्या आणि आई तशीच समोर बघत होती. तिने माळ घेतली, डोळ्यांना लावली आणि विचारलं, "चप्पल चावली का रे?" पायाला खरंच फोड आला होता.

बुधवारी घोघ्याहून बोट पकडून रात्री घरी आलो.

मंडळातल्या कुणाला जायचं असेल तर थोडक्यात सांगतो. बोटीचं आणि गाडीचं तिकीट आधी काढा. वेळा बदलतात, आदल्या दिवशी खात्री करा. दीवहून निघताना गाडीत बाटली ठेवू नका, आपल्याकडे चालत असली तरी मध्ये गुजरात आहे. गिरनारसाठी दोन सकाळी ठेवा. पहिल्याच सकाळी वर जाऊन आलात तर दुसरी सासणच्या सिंहांना द्या, वाया जाणार नाही. घरातलं वयस्कर माणूस बरोबर असेल तर कुठवर चालायचं हे त्यांना ठरवू द्या.

आईने या लेखात एक सूचना घालायला सांगितली आहे: गिरनारला नवी चप्पल घालून जाऊ नये.