बंदुकीचा कागद आणि पारधीचा कागद

मक्याला कणसं धरली, भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या की गावोगाव पारावर एकच विषय निघतो. रानडुकरं. विदर्भात त्यांच्या जोडीला रोही, म्हणजे नीलगाई, असतात, कोकणात वानर-माकडं, आणि सह्याद्रीच्या कुशीत गवे. कळपाने रात्रीत उकरून टाकलेलं वावर सकाळी ज्याने पाहिलं, त्याला सहजीवनाचे धडे देऊ नयेत. त्याला बंदूक आठवते आणि त्यात वावगं काही नाही. उभ्या पिकासाठी वन्यप्राणी मारायची वाट खुद्द कायद्यानेच ठेवली आहे. पण त्या वाटेबद्दल पारावर जे ऐकायला मिळतं ते बरंचसं अर्धवट असतं, आणि अर्धवट माहितीवर हातात बंदूक घेणाऱ्याला ते फार महागात पडतं.

‘सरकारने डुक्कर मारायला मोकळीक दिली आहे’

हे वाक्य दरवर्षी व्हॉट्सॲपवर नव्याने जन्माला येतं. त्याचं मूळ 2015-16 मधल्या बातम्यांत आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या कलम 62 नुसार केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात, ठरावीक मुदतीसाठी ‘उपद्रवी’ घोषित करू शकतं. त्या काळात बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात लाल तोंडाचं माकड यांच्याबाबत अशा अधिसूचना निघाल्या. जून 2016 मध्ये बिहारच्या मोकामा भागात बाहेरून बोलावलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या. त्यावरून मेनका गांधी आणि तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यात जाहीर खडाजंगी झाली. तिच्यात चंद्रपूरच्या रानडुकरांचाही उल्लेख आला. आपल्याकडे लक्षात राहिलं ते एवढंच, की मारायची परवानगी आहे.

बिहारची अधिसूचना बुलढाण्यात चालत नाही. शिवाय अशा अधिसूचनेला मुदत असते आणि ती संपते. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची वाट कलम 11 मधून जाते. प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक ठरला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नमूद करून लेखी आदेशाने पारधीची परवानगी देऊ शकतो. ‘मालमत्ता’ या शब्दात उभं पीक येतं, हे कायद्यातच स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात अर्ज आपल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्यायचा. सोबत सातबारा, नुकसानीचे फोटो आणि पंचनामा असला की बोलणं सोपं जातं. तोंडी ‘मारा, बघू पुढे’ म्हणणारा वनरक्षक भला माणूस असेल, पण खटल्यात त्याच्या शब्दाचा उपयोग शून्य.

आणखी एक जुनी समजूत इथेच काढून टाकू. कावळा, उंदीर, वटवाघूळ यांच्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही, असं अनेक जण सांगतात. ते या कायद्याच्या पूर्वीच्या पाचव्या, म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीवरून. 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली. ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे.

‘बंदुकीचा परवाना आहे, मग अजून काय पाहिजे?’

सर्वांत जास्त माणसं अडकतात ती इथे. बंदुकीचा परवाना शस्त्र अधिनियम 1959 खाली मिळतो. तो जिल्हाधिकारी देतात, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त. त्या कागदाने बंदूक बाळगता येते, बस. ती कशावर चालवायची याचा कागद वन खात्याचा. शेतसंरक्षणाचा परवाना म्हणजे डुकराच्या पारधीची परवानगी, असं कोकणात तीन पिढ्या बंदूक बाळगणाऱ्या घरांतही मानलं जातं. त्या परवान्यावर हवेत बार काढून कळप पळवता येतो. कळपावर बार टाकायचा तर दुसरा कागद हवाच. दोन्हींपैकी एक नसला तरी तो गुन्हाच.

पहिल्या कागदाबद्दलही थोडं. शेतसंरक्षणासाठी कायदा आधी ठासणीच्या बंदुकीचं नाव घेतो. ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर निदान 20 इंच नळीची, आतून गुळगुळीत नळी असलेली दुसरी बंदूक, म्हणजे सहसा बारा बोर, देता येते. रायफलीचं नाव या तरतुदीत नाही. सिनेमा पाहून दुर्बीण लावलेल्या रायफलीची स्वप्नं रंगवणाऱ्यांनी हे आधी वाचलेलं बरं. अर्जदाराचं वय 21 पूर्ण हवं आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षं झाली आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात.

फारसं कुणी सांगत नाही अशी एक अट वन्यजीव कायद्यात आहे. कलम 34. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपली नोंद वन खात्याकडे करायची असते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय निघत नाही. राधानगरी, कोयना, ताडोबाच्या आसपासच्या गावांत अर्ज वर्षानुवर्षं का पडून राहतात याचं एक कारण यात सापडेल. आणि निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची नोटीस येते. लोकसभेची निवडणूक नेमकी काजू-आंब्याच्या हंगामात येते, हा कोकणातल्या बागायतदाराचा जुना आणि रास्त राग आहे.

‘छर्‍याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, म्हणजे पाखरं मारली तर चालतं’

अर्धं खरं. 4.5 मिलिमीटर बोअरची आणि 20 ज्यूलच्या आतली एअरगन विनापरवाना घेता येते. पण वन्यजीव कायदा हत्यार कोणतं ते विचारत नाही, प्राणी कोणता ते विचारतो. मोरावर छर्रा मारला काय आणि दगड मारला काय, गुन्हा तोच. शिकारीच्या व्याख्येत प्रयत्नसुद्धा येतो, घरटं मोडणंही येतं. ज्वारीवरच्या पाखरांना गोफण, पत्र्याचे डबे आणि चकाकणाऱ्या फिती पुरत आल्या आहेत.

‘एकदा परवानगी निघाली की शेतात येईल ते आपलं’

परवानगी ज्या प्राण्यासाठी आहे, त्याच्यासाठीच. रानडुक्कर आणि नीलगाय दुसऱ्या अनुसूचीत आहेत, म्हणून पिकाच्या नुकसानीचं कारण त्यांच्याबाबत चालतं. काळवीट, गवा, मोर पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या बाबतीत पीक हे कारणच होऊ शकत नाही. प्राणी माणसाच्या जिवावर उठला असेल किंवा जखम-आजाराने बरा होण्यापलीकडे गेला असेल, तरच, आणि तोही निर्णय फक्त मुख्य वन्यजीव रक्षकांचा. गव्याने ऊस झोपवला तर भरपाईचा अर्ज करायचा, बंदुकीला हात लावायचा नाही. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बेकायदा शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीत कैद किमान तीन वर्षं, कमाल सात, आणि दंड पंचवीस हजारांच्या खाली नाही.

आता मटणाचा प्रश्न, जो जाहीरपणे कुणी विचारत नाही. कलम 11 खाली मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता असतो. त्याची खबर द्यायची, पंचनामा होऊ द्यायचा, विल्हेवाट वन खात्याच्या देखरेखीत लावायची. सरकारी मालमत्ता ताब्यात आली की 48 तासांत कळवण्याचं बंधन कायद्यात आहे. वाटे घालून गावात मटण गेलं की परवानगी असूनही गुन्हा उभा राहतो. मला तर वाटतं, काही गावांत पिकापेक्षा मटणासाठीच बंदुका बाहेर निघतात, आणि त्यामुळे खरोखर पीक गेलेल्या माणसाचा अर्जही संशयाने वाचला जातो.

‘डुक्कर अंगावर आलं म्हणून मारलं’ हा बचाव कायद्यात आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवासाठी सद्भावनेने मारलं तर तो गुन्हा नाही. पण त्या वेळी माणूस स्वतःच कायदा मोडत असेल, तर ती ढाल मिळत नाही. बेकायदा पारधीला जायचं आणि डुक्कर उलटलं म्हणायचं, हे जमत नाही.

‘नेम चांगला असला की झालं’

नेम ही त्या रात्रीची सर्वांत सोपी गोष्ट. 2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांनी आपल्याच माणसाला डुक्कर समजून गोळी घातली. नेम बरोबर लागला होता. ओळखण्यात चूक झाली. कोकणपट्टीत अशा बातम्या नव्या नाहीत. त्यांत अंधार, हलणारं गवत, सळसळ आणि कुणीतरी घाईत ओढलेला चाप, एवढंच पुन्हा पुन्हा दिसतं.

सुरुवात करणाऱ्याने म्हणून आधी दिवसा शेत पायाखाली घालावं. कळप कुठून शिरतो, खूर कुठे उमटलेत, लोळण कुठे आहे. मग प्रश्न असा, की बार चुकला तर तो कुठे जाईल? बारा बोरचे मोठे छर्रे डुकरावर तीस-पस्तीस मीटरपर्यंत भरवशाचे असतात, पण त्यांचा प्रवास तिथे थांबत नाही. ते अर्ध्या किलोमीटरपलीकडेही जाऊ शकतात. मागे बांध, टेकाड किंवा उतार असेल तरच बार टाकावा. मागे वस्ती, रस्ता, गोठा किंवा नुसतं आभाळ असेल, तर बंदूक खांद्याला लावायचीच नाही. खडकावर किंवा पाण्यावर आपटलेला छर्रा कुठल्या दिशेने उसळेल हे कुणालाच सांगता येत नाही.

मचाणावर बसण्याचा खरा फायदा इथेच आहे. वरून टाकलेला बार थोड्या अंतरावर जमिनीत जातो. शिवाय डुकराची नजर बेताची पण नाक फार तेज, त्यामुळे उंचावर बसलेल्याचा वास त्याच्यापर्यंत कमी पोहोचतो. मचाणावर चढता-उतरताना बंदूक भरलेली नको, ती मागाहून दोरीने घ्यावी. शेजारच्या कुठल्या वावरात कोण राखणीला आहे, हे संध्याकाळीच विचारून ठेवावं आणि आपणही सांगावं. टॉर्चच्या उजेडात फक्त डोळे चमकले तर बार नाही. डोळे कुत्र्याचे असतात, वासराचे असतात. अख्खं जनावर दिसलं पाहिजे, आणि कळप असेल तर मागे दुसरं काय उभं आहे तेही. घोटभर घेतलेल्याने तर त्या रात्री घरीच झोपावं.

काडतूस कोणतं हाही प्रश्न आहे. चार-सहा नंबरचे बारीक छर्रे पाखरांसाठी असतात. त्यांनी डुक्कर मरत नाही, जखमी होतं. मोठ्या नराच्या खांद्यावर जाड, कडक थर असतो, तो बारीक छर्‍यांना दाद देत नाही. जखमी डुक्कर झुडपात शिरतं आणि त्याच्या मागे अंधारात जाणारा माणूस सुळ्यांच्या टप्प्यात सापडतो. माग काढायचा तो उजाडल्यावर, वन खात्याला कळवून.

ठासणीच्या बंदुकीचं वागणं वेगळं. दारू, वर बोळा, मग छर्रे, हे सगळं गजाने ठासायचं, टोपी बसवायची. एक बार गेला की दुसरा भरेपर्यंत कळप शिवार ओलांडतो. पावसाळी हवेत दारू ओलावते. चाप ओढला आणि बार निघालाच नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान मिनिटभर तसंच थांबायचं, कारण तो उशिराही सुटू शकतो. नळीत डोकावून पाहणाऱ्यांचे किस्से गावांत हसत सांगितले जातात. ते हसण्यासारखे नसतात.

‘चारदोन पाडले की कळप पुन्हा फिरकत नाही’

आठवडाभर फिरकत नाही, हे खरं. पुढे येतो. डुकरीण सुमारे पावणेचार महिन्यांत विते, एका वेळी चार-सहा पिल्लं सहज देते, आणि तिची पिल्लं वर्ष-दीड वर्षात स्वतः वितात. कळप माद्या आणि पिल्लांचा असतो. मोठा नर बहुधा एकटा फिरतो, आणि मचाणावरच्या माणसाला मोह त्याचाच होतो. तो मेल्याने संख्येत फरक पडत नाही. बंदुकीचा उपयोग आहे तो नेमक्या शेतात, नेमक्या आठवड्यात, म्हणजे कणसं भरताना कळपाला त्या वावराची धास्ती बसावी यासाठी. तेवढ्यासाठीही शेजारच्या पडीक रानातली झुडपं काढणं जास्त कामाचं असतं, कारण कळप दिवसा तिथेच दडतो. गावातल्या दहा जणांनी मिळून साफ केलेलं रान एका बंदुकीपेक्षा जास्त पीक वाचवतं, असं माझं मत आहे. पण बंदूक एकट्याची असते आणि रान साफ करायला दहा जण जमावे लागतात.

‘बंदुकीच्या भानगडीपेक्षा तारेत करंट सोडलेला बरा’

हे मत सर्वांत घातक. विजेच्या लाइनवरून तारेत सोडलेला प्रवाह डुक्कर, वाघ आणि माणूस यांत फरक करत नाही. विदर्भात अशा तारांवर वाघ मेले आहेत, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेले शेतकरीही. माणूस गेला तर तार लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो, वीजचोरीचा वेगळा. कणकेच्या गोळ्यातले गावठी बॉम्ब त्याच पंक्तीतले. त्यांत गाई-गुरांचे जबडे फुटतात.

झटका मशीन ही निराळी गोष्ट. सौर पॅनेलवर चालणारं यंत्र तारेत सेकंद-दीड सेकंदाने क्षणभराचा ठोका देतं. जनावर हादरतं, मरत नाही. ते चालत नाही अशी तक्रार करणाऱ्यांच्या बांधावर जाऊन पाहावं. गवत वाढून तारेला टेकलेलं असतं आणि सगळा ठोका जमिनीत उतरत असतो. डुक्कर उडी मारण्यापेक्षा खालून घुसणं पसंत करतं, म्हणून सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभरच उंच हवी आणि तिच्याखालचं गवत पावसाळाभर दर आठ-दहा दिवसांनी कापायला हवं.