लाँगहेअरचा पियानो आणि वादकाची मजुरी

कारखान्यात माल घडविणाऱ्याला मजुरी किती मिळते, हे विचारण्याची समाजाला आता सवय झाली आहे. गाणे घडविणाऱ्याला किती मिळते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. हा प्रश्न आमच्यापुढे उभा केला तो प्रोफेसर लाँगहेअर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका अमेरिकन कृष्णवर्णीय पियानोवादकाच्या चरित्राने. आम्ही संगीतातले पंडित नव्हे. तबकड्या ऐकून आणि मिळतील ती पुस्तके वाचून जेवढे उमगले तेवढेच येथे सांगावयाचे आहे. म्हणून पाश्चात्त्य संगीताची ओळख नसलेल्यांनी बिचकण्याचे काही कारण नाही.

त्याचे खरे नाव हेन्री रोलंड बर्ड. जन्म १९१८ सालचा, लुईझियाना राज्यातील बोगालुसा गावचा. लहानपणीच तो न्यू ऑर्लिन्स शहरी आला आणि रस्त्यावर पायाने ठेका धरून नाचत पैसे मिळवू लागला. त्याचा पहिला पियानो म्हणजे कोणीतरी टाकून दिलेले, काही पट्ट्या नसलेले वाद्य. ज्या पट्ट्या वाजत नाहीत त्यांना वळसा घालून बोटे फिरवावयाची, यातूनच आपला हात तयार झाला, असे तो पुढे सांगत असे.

न्यू ऑर्लिन्स हे मिसिसिपी नदीकाठचे मोठे बंदर. क्यूबातील हवाना बंदराशी त्याचा जुना संबंध. माल आला तसे संगीतही आले. तिकडचा एक ठेका समजून घेणे अवघड नाही. आठ मात्रा घ्याव्यात आणि त्यांचे चार-चार असे सरळ भाग न पाडता तीन, तीन आणि दोन असे भाग पाडावेत. मग 'एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन' असे मोजत प्रत्येक 'एक' वर टाळी द्यावी. टाळी जेथे अपेक्षित असते तेथून किंचित सरकते आणि पाय आपोआप हलू लागतो. लाँगहेअरच्या डाव्या हातात हा ठेका असे. उजव्या हातात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ब्लूज, भरभर उतरणाऱ्या स्वरांनी नटलेले. दोहोंचा मेळ त्याने असा बसविला, की दोन हातांत दोन देश वाजत आहेत असे वाटावे.

शिवाय वाजविताना तो पियानोच्या समोरच्या फळीवर लाथेने ठेका देई. त्यामुळे वाद्याची फळी खिळखिळी होई आणि मालक हळहळत. गाताना त्याचा आवाज मध्येच फाटे. शब्दांच्या जागी कधी निरर्थक अक्षरे येत, तर कधी शीळ. लोक त्याला विक्षिप्त म्हणत. आमच्या मते यात विक्षिप्तपणापेक्षा सवयीचा भाग अधिक होता. ज्याची उमेदवारी रस्त्यावर पायाच्या ठेक्यात झाली, त्याचा पाय पियानोपुढे बसल्यावर स्वस्थ कसा राहावा?

१९४० च्या दशकाच्या अखेरीस तो कॅल्डोनिया इन नावाच्या मद्यगृहात वाजवू लागला. तेथेच त्याला हे नाव चिकटले. अशा ठिकाणच्या पियानोवादकाला 'प्रोफेसर' म्हणण्याची त्या शहरात जुनी रीत होती. 'लाँगहेअर' म्हणजे लांब केसांचा. पण अमेरिकन बोलीत शास्त्रोक्त संगीताच्या शौकिनालाही गमतीने तसे म्हणत. रस्त्यावर शिकलेल्या माणसाला विद्वानाची पदवी मिळाली, ती अशी थट्टेत!

१९४९ साली टेक्सासमधील एका लहान कंपनीने त्याच्या तबकड्या काढल्या. त्यांत न्यू ऑर्लिन्सच्या मार्डी ग्रा उत्सवावरील त्याचे गाणे होते. गोव्यात कार्निव्हल होतो त्याच दिवसांतला हा उत्सव. परंतु हे ध्वनिमुद्रण वादकांच्या संघटनेच्या नियमाबाहेर झाले होते. वाद निघाला आणि तबकड्यांचा प्रसार आखडला.

आमचे आयुष्य संघटनेच्या कामात गेले, म्हणून येथे थोडे थांबणे भाग आहे. अमेरिकेतील वादकांच्या महासंघाने १९४२ साली आणि पुन्हा १९४८ साली ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला होता. तबकडी एकदा वाजवून घेतली की ती हजारो ठिकाणी वाजते आणि तेथला जिवंत वादक बेकार होतो, ही त्यांची तक्रार खरी होती. त्या लढ्यातून तबकड्यांच्या विक्रीवर आधारलेला एक निधी उभा राहिला आणि लोकांसाठी विनामूल्य कार्यक्रम करणाऱ्या वादकांना त्यातून मेहनताना मिळू लागला. हे यश लहान नव्हे. पण त्याच महासंघाच्या न्यू ऑर्लिन्समध्ये गोऱ्यांची एक आणि कृष्णवर्णीयांची दुसरी अशा दोन वेगळ्या शाखा होत्या. नियमाचा हेतू चोख होता. तरी त्याची झळ कंपनीपेक्षा अधिक लागली ती पहिलीच तबकडी काढणाऱ्या गरीब वादकाला. मजूर पुरता आत घेण्यापूर्वी दार लावून घेतले, की असे होते.

१९५० साली दुसऱ्या कंपनीने त्याचे 'बाल्ड हेड' हे गाणे काढले. डोक्यावर केस नसलेल्या बाईवरचे हे विनोदी गाणे देशातील रिदम अँड ब्लूजच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढले. ज्याचे नाव 'लांब केसांचा', त्याला यश मिळाले टकलावर! देशभर गाजलेले त्याचे गाणे हे एवढे एकच. १९५३ साली 'टिपिटिना' आले. ते फारसे खपले नाही, पण शहरातल्या तरुण वादकांनी ते बोटांत उतरवून घेतले. मध्यंतरी पक्षाघाताचा झटका येऊन गेला. १९५९ साली मार्डी ग्राचे गाणे त्याने पुन्हा मुद्रित केले आणि आजही ते त्या उत्सवात वाजते.

१९६४ सालच्या 'बिग चीफ' ची गोष्ट अधिक बोलकी आहे. गाणे अर्ल किंगने रचलेले, आवाज आणि शीळही त्याचीच. लाँगहेअरचे काम पियानोचे. पण आरंभी पियानोची जी सरसर उतरणारी फेरी आहे, तीच ऐकणाऱ्याच्या लक्षात राहते. आता अमेरिकेचा कायदा पाहा. साध्या रेडिओ केंद्रावर तबकडी वाजली, तर मोबदला मिळतो तो गीत व चाल रचणाऱ्याला आणि प्रकाशकाला. वाजविणाऱ्याला अथवा गाणाऱ्याला काही मिळत नाही. हा कायदा तेव्हा असा होता आणि आजही असाच आहे. म्हणजे ज्या बोटांनी गाणे ओळखले जाते, त्या बोटांचा रेडिओच्या हिशेबात उल्लेखच नाही.

त्यानंतर तो जवळजवळ दिसेनासा झाला. तबकड्यांच्या एका दुकानात झाडलोट आणि किरकोळ कामे करावीत, पत्त्यांच्या डावावर चार पैसे मिळवावेत, असे दिवस आले. याच काळात त्याची शैली इतरांच्या हातून फिरत होती. ह्यूई स्मिथ, ॲलन तूसाँ, डॉ. जॉन या सर्वांनी त्याचे ऋण मानले. यात चोरी कोणी केली नाही. शैली अशीच पसरते आणि पसरावी. कायद्याने गाण्याला मालक असतो, शैलीला नसतो, हेही योग्यच म्हणावे लागेल. पण मग शैली जन्माला घालणाऱ्याने म्हातारपणी जगावे कशावर, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

१९७१ साली क्विंट डेव्हिस आणि ॲलिसन माइनर या तरुण मंडळींनी त्याला शोधून न्यू ऑर्लिन्सच्या जाझ व हेरिटेज महोत्सवात आणले. वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्याची दुसरी कारकीर्द सुरू झाली. १९७३ साली तो स्वित्झर्लंडमधील मोंत्रो महोत्सवात वाजवून आला. १९७५ साली पॉल मॅकार्टनीने कॅलिफोर्नियात 'क्वीन मेरी' जहाजावर दिलेल्या मेजवानीत त्याचे वादन झाले. १९७७ साली चाहत्यांनी त्याला वाजवायला हक्काची जागा असावी म्हणून एक सभागृह काढले आणि त्याला त्याच्या गाण्यावरून 'टिपिटिनाज' हे नाव दिले. ते आजही चालू आहे. 'क्रॉफिश फिएस्टा' हा नवा संग्रह १९७९ साली मुद्रित झाला. तो बाजारात येण्याच्या सुमारास, ३० जानेवारी १९८० रोजी, झोपेतच त्याला मृत्यू आला. पुढे ग्रॅमी पुरस्कार मिळाला, १९९२ साली रॉक अँड रोलच्या सन्मानगृहात नाव लागले. दोन्ही मरणोत्तर.

या चरित्रावरून 'खऱ्या कलावंताची कदर शेवटी होतेच' असा बोध काढणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस तो पटत नाही. लाँगहेअरची कदर झाली ती दोन तरुणांना त्याला शोधून काढावेसे वाटले म्हणून. त्यांना तसे वाटले नसते तर? ज्यांना कोणीच शोधले नाही अशांची नावे आपल्याला ठाऊक असणार तरी कशी? कदर ही मर्जी आहे, मोबदला हा हक्क आहे. मर्जीवर पोट चालविण्याची पाळी कोणत्याही कामकऱ्यावर येऊ नये, मग त्याचे हत्यार हातोडा असो की पियानो.

आपल्या देशात २०१२ सालच्या दुरुस्तीने स्वामित्व कायद्यात सादर करणाऱ्या कलावंतालाही, त्याच्या कलेचा व्यापारी उपयोग झाल्यास, मोबदल्याचा हक्क मिळाला आहे. कागदावर आपण अमेरिकेच्या एक पाऊल पुढे आहोत. पण कागदावरचा हक्क आपण होऊन चालत घरी येत नाही, हे गिरणीच्या दारात जे शिकलो तेच येथेही लागू आहे. तबल्यावर, पेटीवर, ढोलकीवर बसणाऱ्यांनी करार वाचून सही करावी, आपल्या नावाची नोंद करून घ्यावी आणि एकत्र यावे. आणि ते एकत्र येतील तेव्हा संघटनेचे दार इतके रुंद ठेवावे, की रस्त्यावर वाजविणाऱ्यालाही आत येता यावे.