घर स्मार्ट करताना चावी घरातच राहू द्या

मुलगा दुबईत, कुवेतमध्ये किंवा दोह्याला. सून मुलांच्या शिक्षणासाठी मुंबई-पुण्यात. आणि गावच्या घरी सत्तरी ओलांडलेले अम्मी-अब्बा. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या कितीतरी मुस्लिम कुटुंबांचे आजचे चित्र असेच आहे. रोज व्हिडिओ कॉल होतो, सलाम-दुआ होते, पण फोन ठेवल्यावरही मुलाच्या मनातले प्रश्न संपत नाहीत. रात्री उठताना अम्मीने दिवा लावला असेल का? गीझर बंद केला असेल का? मागचा दरवाजा लावला असेल का?

या काळजीवर बाजारात एक तयार उत्तर मिळते, ते म्हणजे कॅमेरा. सुट्टीवर आलेला मुलगा हॉलमध्ये, पडवीत, कधीकधी स्वयंपाकघरातसुद्धा कॅमेरे लावून परत जातो. हेतू चांगलाच असतो. पण ज्या घरात बायका दिवसभर वावरतात, डोक्यावरचा पदर बाजूला ठेवून दोन घटका विसावतात, त्या घरात हा डोळा चोवीस तास उघडा राहतो. त्याचे चित्रण पुष्कळदा दूरच्या कंपनीच्या संगणकावर साठते, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते.

कॅमेऱ्याच्या आधी दुसरा एक मार्ग विचारात घ्यावा, असे आम्हाला वाटते. हा मार्ग म्हणजे छोटी बिनतारी उपकरणे आणि त्यांचा कारभार पाहणारा, घरातच ठेवलेला एक छोटा संगणक. आमच्या घरी ही व्यवस्था चालू आहे. ती कशी उभी करायची आणि तिचा ताबा कोणाकडे ठेवायचा, हे या लेखात सांगत आहोत.

तीन वस्तू, एक कारभारी

पहिली वस्तू सेन्सर. दरवाजा उघडला की कळवणारा, खोलीत हालचाल झाली की कळवणारा, जमिनीवर पाणी सांडले की कळवणारा. तो चित्र काढत नाही, आवाज ऐकत नाही. ‘दार उघडले’, ‘दार बंद झाले’ एवढेच सांगतो. दुसरी वस्तू म्हणजे हुकूम पाळणारी उपकरणे : स्मार्ट प्लग, स्मार्ट दिवा, स्विचबोर्डाच्या आत बसणारा छोटा रिले. तिसरी वस्तू म्हणजे या सर्वांचा कारभारी, म्हणजे संगणक आणि त्यावरचे सॉफ्टवेअर.

ही उपकरणे एकमेकांशी वाय-फायवरून बोलू शकतात, पण बॅटरीवर चालणाऱ्या सेन्सरसाठी झिग्बी हा मार्ग अधिक सोयीचा. त्यात वीज फार कमी लागते. त्याचा वेग सेकंदाला २५० किलोबिट इतकाच. चित्रणाला तो अपुरा, पण ‘दार उघडले’ हा निरोप द्यायला भरपूर. झिग्बीचा आणखी एक गुण असा की विजेवर चालणारी उपकरणे शेजारच्या उपकरणाचा निरोप पुढे पोहोचवतात. पाण्याची बादली एका हातातून दुसऱ्या हातात जावी, तसा हा प्रकार.

सॉफ्टवेअरसाठी आम्ही ‘होम असिस्टंट’ निवडले. पाउलस स्खाउटसेन यांनी २०१३ साली ते सुरू केले. ते मोफत आहे आणि त्याचा मूळ कोड सर्वांसाठी खुला आहे. मुख्य म्हणजे ते आपल्या घरातल्या संगणकावर चालते. झिग्बी उपकरणे त्याला जोडली, तर इंटरनेट गेले तरी दिवे, सेन्सर आणि ठरवून दिलेली कामे चालूच राहतात.

दूरचा संगणक बंद पडला तर?

‘कंपनीचे ॲप आहे की, मग हा खटाटोप कशाला?’ असे कुणी विचारील. दोन उदाहरणे पाहा.

अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचे एक उपकरण सुमारे ३०० डॉलरला विकले जाई. घरातली निरनिराळी उपकरणे एकत्र चालवणे हे त्याचे काम. २०१४ मध्ये गुगलच्या मालकीच्या नेस्टने ती कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये तिची सेवा बंद केली. लोकांच्या कपाटावर धडधाकट ठेवलेले यंत्र एका दिवसात निरुपयोगी झाले. दुसरे उदाहरण इन्स्टिऑन कंपनीचे. एप्रिल २०२२ मध्ये तिचे सर्व्हर अचानक बंद पडले आणि ग्राहकांची ॲप मुकी झाली. ज्यांनी आपली उपकरणे घरातल्या संगणकाला जोडून ठेवली होती, त्यांचे काम मात्र चालू राहिले. पुढे जूनमध्ये ग्राहकांपैकीच काहींनी ती कंपनी विकत घेऊन सेवा पुन्हा सुरू केली.

दिवा आपला, वायर आपली, विजेचे बिलही आपणच भरतो. मग तो पेटवण्याचा हुकूम सात समुद्रापार जाऊन का यावा?

मांडणीचा क्रम

संगणकासाठी रास्पबेरी पाय हे पत्त्यांच्या जोडाएवढे यंत्र पुरते. घरात जुना पण चांगला चालणारा लॅपटॉप पडून असेल, तर तोही चालतो. मात्र त्यावरचा सगळा मजकूर आधी दुसरीकडे काढून घ्या, कारण नवी प्रणाली टाकताना तो पुसला जातो.

रास्पबेरी पायसाठी ३२ जीबीचे मेमरी कार्ड घ्या. ‘रास्पबेरी पाय इमेजर’ हा मोफत प्रोग्राम दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून त्यातून होम असिस्टंट कार्डावर उतरवा. कार्ड यंत्रात घाला, राउटरपासून त्याला केबल जोडा आणि वीज सुरू करा. काही मिनिटे थांबा. मग घरच्याच वाय-फायवरच्या फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये ‘होमअसिस्टंट डॉट लोकल’ हा पत्ता इंग्रजीत टाकून पुढे विसर्ग-चिन्हासारखे दोन टिंब आणि ८१२३ लिहा. नाव, पासवर्ड आणि घराचे ठिकाण विचारणारे पान उघडते.

झिग्बीसाठी पेनड्राइव्हसारखा एक डोंगल लागतो. तो थेट यंत्रात खुपसू नका, हात-दीड हात लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावून दूर ठेवा. निळ्या रंगाच्या वेगवान यूएसबी पोर्टमधून जो विद्युत गोंगाट निघतो, तो झिग्बीच्याच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात पडतो आणि निरोप हरवतात. या एका स्वस्त केबलने पुष्कळ त्रास वाचतो.

वाय-फायही याच पट्ट्यात चालते. म्हणून राउटरवर वाय-फायचे चॅनेल १ ठेवले, तर झिग्बीसाठी २० किंवा २५ निवडावे. हे सुरुवातीलाच ठरवा. नंतर बदलले, तर काही उपकरणे पुन्हा जोडावी लागतात.

आता उपकरणे जोडा, पण क्रमाने. आधी विजेवर चालणारे प्लग, मग बॅटरीचे सेन्सर. कोकणातल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंती लहरींना अडवतात. ओटीवरच्या यंत्राला मागच्या न्हाणीघरातला सेन्सर सापडत नसेल, तर मधल्या खोलीत एक स्मार्ट प्लग लावा. तोच निरोप पुढे पोहोचवील. प्रत्येक उपकरण जिथे राहणार, तिथे नेऊनच जोडा आणि लगेच त्याला मराठीत नाव द्या : ‘दादीच्या खोलीचा दिवा’, ‘मागचा दरवाजा’. नाव घरच्या बोलीतले असले, की घरातले सगळेच ते वापरू लागतात.

वीज आणि भिंतीवरचे बटण

स्विचबोर्डाच्या आतले काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. बहुतेक रिलेंना न्यूट्रल वायर लागते. ज्या बोर्डावर प्लगचे सॉकेट असते, त्यात ती सहसा मिळते. नुसत्या बटणांच्या जुन्या बोर्डात ती नसू शकते.

भार मोजल्याशिवाय काहीही जोडू नका. २,००० वॉटचा गीझर सुमारे ९ अँपिअर खेचतो, ३,००० वॉटचा १३ अँपिअर. १० अँपिअरच्या प्लगला मोठा गीझर लावणे म्हणजे आगीला बोलावणे. पाण्याची मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट घेते, म्हणून तिला थेट रिले न लावता मध्ये कॉन्टॅक्टर बसवून घ्यावा.

आणि एक नियम पक्का ठेवा : भिंतीवरचे बटण नेहमीसारखे चाललेच पाहिजे. दादीने बटण दाबले की दिवा लागला पाहिजे, मग संगणक चालू असो वा बंद. जी सोय घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला अडाणी ठरवते, ती सोय नव्हे.

पावसाळ्यात गावी वीज किती वेळा जाते, हे वेगळे सांगायला नको. राउटर आणि यंत्र दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, दोहोंना मिळून वीज फार लागत नाही. वीज परत आल्यावर कोणता प्लग चालू व्हावा आणि कोणता बंदच राहावा, हेही ज्या प्लगमध्ये सोय असेल त्यात ठरवून ठेवा. गीझर बंदच राहिला पाहिजे. अचानक वीज गेल्याने मेमरी कार्ड खराब होऊ शकते, म्हणून बॅकअपची एक प्रत यंत्राबाहेरही ठेवा.

कामे कोणती सांगावीत?

पहिले काम रात्रीच्या दिव्याचे. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर हालचाल झाली की मंद दिवा लागावा आणि थोड्या वेळाने आपोआप विझावा. अंधारात चाचपडताना पडणे हा म्हाताऱ्या माणसांचा मोठा धोका, आणि त्यावर हा साधा उपाय आहे.

दुसरे काम गीझरचे. चालू केल्यापासून अर्ध्या तासाने तो आपोआप बंद व्हावा.

तिसरे काम नमाजच्या वेळांचे. होम असिस्टंटमध्ये त्यासाठी तयार जोडणी आहे. ती फजरपासून इशापर्यंतच्या वेळा घराच्या ठिकाणावरून काढते. असरच्या वेळेसाठी तिच्यात शाफई आणि हनफी असे दोन पर्याय आहेत. कोकणात बहुतेक घरे शाफई, तर देशावर बहुतेक हनफी, म्हणून योग्य पर्याय निवडावा आणि वेळा आपल्या मशिदीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहाव्यात. मग फजरच्या वीस मिनिटे आधी वुजूच्या जागेचा दिवा लागेल आणि रमजानमध्ये सहरीला स्वयंपाकघरातला.

चौथे काम निरोपाचे. सकाळी नऊपर्यंत घरात काहीच हालचाल झाली नाही, तर मुलाच्या फोनवर सूचना जावी. मात्र सूचना आली म्हणजे काही अघटित घडलेच असे नाही, आणि आली नाही म्हणजे सगळे ठीक आहे असेही नाही. बॅटरी संपलेली असू शकते, नेट गेलेले असू शकते. सूचना आली की आधी घरी फोन करावा, उचलला नाही तर शेजारच्या खालाला. शेजाऱ्याची जागा कोणताही सेन्सर घेऊ शकत नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. स्वयंपाकाच्या गॅसचा वास आला, तर कोणतेही बटण किंवा पंखा चालू करू नये. म्हणून गॅसच्या सूचनेवर पंखा लावण्याचे काम संगणकाला कधीही देऊ नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तेव्हा त्याचा सेन्सर जमिनीलगत लागतो. दुसरी गोष्ट, सेन्सरमधल्या नाण्यासारख्या बॅटऱ्या लहान मुलाने गिळल्या तर जिवावर बेतू शकते. नव्या-जुन्या दोन्ही मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

पाहणार कोण?

कॅमेरा नसला तरी सेन्सरही पुष्कळ काही सांगून जातो. बाईमाणूस किती वाजता बाहेर गेले, किती वाजता परतले, रात्री किती वेळा उठले, हे सगळे त्यात दिसते. न्यूयॉर्क टाइम्सने जून २०१८ मध्ये एक वृत्तांत छापला होता. अमेरिकेत काही पुरुष घराबाहेर राहूनही स्मार्ट कुलपे, दिवे आणि कॅमेरे वापरून घरातल्या बाईला छळत असल्याच्या तक्रारी त्यात मांडल्या होत्या. उपकरण तेच, फरक हुकमाचा.

म्हणून बसवण्याआधी घरातल्या सर्वांना एकत्र बसवून सांगा की कुठे काय लागेल आणि कोणाला काय दिसेल. अम्मी ‘माझ्या खोलीत नको’ म्हणाली, तर नको. मुख्य पासवर्ड घरात राहणाऱ्या माणसाकडे असावा, परदेशातल्या माणसाकडे स्वतंत्र साधे खाते असावे. होम असिस्टंट नोंदींचा तपशील मुळात १० दिवसच ठेवते. तो वाढवण्याची गरज नाही.

बाहेरून घर पाहण्यासाठी राउटरचे दार उघडे टाकू नका, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग करू नका. होम असिस्टंटची सशुल्क सेवा किंवा व्हीपीएन हा सुरक्षित मार्ग. आखाती देशांत व्हीपीएनचे नियम वेगळे असू शकतात, ते आधी पाहून घ्यावेत. आणि बहुतेक घरांना नुसती सूचना पुरते, दिवे दोह्यातून पेटवण्याची गरज पडत नाही.

सुरुवात लहान करा. एक यंत्र, एक डोंगल, एक प्लग, रात्रीच्या दिव्यासाठी एक सेन्सर आणि मागच्या दाराला एक. महिनाभर वापरून पाहा. महिन्याने मुलाच्या आधी अम्मीला विचारा : याचा उपयोग होतो की त्रास? तिने ‘होतो’ म्हटले, तर इन्शाअल्लाह पुढचा सेन्सर घ्यायला हरकत नाही.