अजाक्षीर आणि करडांचा मस्तिष्कशोथ

अजाक्षीराची महती वैद्यबंधूंस नव्याने सांगावयास नको. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २७ व्या अध्यायात ते कषाय-मधुर, शीत, ग्राही व लघु असून रक्तपित्त, अतिसार, क्षय, कास व ज्वर यांत हितकर असल्याचे सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनी त्याची कारणमीमांसाही केली. शेळीचा देह लहान, आहारात कटु-तिक्त पाला, जलपान अल्प आणि हिंडणे पुष्कळ, म्हणून तिचे दूध गुणकारी. म्हणजेच दुधाचे गुण शेळीच्या आहारविहारावर अवलंबून असतात. मात्र दूध योजताना ती शेळी निरोगी आहे काय, हे आपण क्वचितच विचारतो. आम्हीही ते विचारले नव्हते.

रेवदंड्यातील आमच्या चिकित्सालयात जीर्ण कासाचा एक बालरुग्ण येत असे. त्यास आम्ही शेळीचे धारोष्ण दूध सांगितले. शेजारच्या वाडीतील एका बाईंकडे बाहेरगावाहून आणलेली संकरित शेळी होती. तिचे दूध सुरू झाले. एके दिवशी त्याच बाई सुमारे अडीच महिन्यांचे करडू कडेवर घेऊन आल्या. त्याचा एक मागचा पाय लुळा पडला होता. ज्वर नव्हता, डोळे तरतरीत होते, पुढे केलेला पाला ते आवडीने खात होते. आम्ही वातव्याधी समजून अभ्यंगास तेल दिले आणि जबडा उघडून काढाही पाजला. आठ दिवसांत दोन्ही मागचे पाय गेले, पुढील पायही लटपटू लागले. तेव्हा पशुवैद्यकांस बोलावले.

त्यांनी प्रथम विचारले, "कुत्रा चावला होता का? आणि याच्या तोंडात कोणी हात घातला होता?" आमच्या बोटावर त्या वेळी खलात लागलेली ताजी जखम होती. रेबीजची शंका संपूर्णपणे दूर होईपर्यंत थांबणे योग्य नव्हते. साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे हात धुऊन आम्ही त्याच दिवशी लसीची पहिली मात्रा घेतली. एवढ्या वर्षांच्या व्यवसायानंतर ही चूक आमच्या हातून व्हावी, याची खंत वाटते.

पुढे करडू आणखी तीन आठवडे जगले, खातही राहिले. रेबीजमध्ये लक्षणे दिसू लागल्यावर जनावर सहसा थोड्याच दिवसांत दगावते. त्यामुळे ती शंका मावळली. शेळीचे पुढचे गुडघे अनेक महिन्यांपासून सुजलेले असल्याचे बाईंनी सांगितले, तेव्हा पशुवैद्यकांनी 'कॅप्राइन आर्थ्रायटिस एन्सेफलायटिस' या विषाणुजन्य रोगाचा संशय व्यक्त केला. मराठीत त्यास अजा-संधिशोथ-मस्तिष्कशोथ म्हणता येईल.

रोगाचे स्वरूप

करडांतील या व्याधीचे वर्णन अमेरिकेत १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९८० मध्ये विषाणू वेगळा करण्यात आला. तो एच.आय.व्ही.च्याच लेंटिव्हायरस गटातील आहे, परंतु मनुष्यास त्याची बाधा होत नाही. बाधित शेळीच्या चिकातील व दुधातील पेशींवाटे तो करडाच्या शरीरात शिरतो. रक्तातील एककेंद्रक श्वेतपेशींत तो सुप्त राहतो. त्या पेशी ऊतींत जाऊन भक्षकपेशी बनल्या की त्याची वाढ होते. मेंदू व मज्जारज्जूत अशा पेशी पोहोचल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर धावून जाते. रक्तवाहिन्यांभोवती श्वेतपेशींची दाटी होते, शोथ येतो आणि श्वेतद्रव्यातील तंतूंवरील मायेलिनचे आवरण नष्ट होते. संदेशवहन खंडित झाल्याने पाय लुळे पडतात. विकृती मज्जारज्जूत अधिक असेपर्यंत करडू शुद्धीवर असते व खाते. ती मस्तिष्कस्तंभात व लहान मेंदूत पसरली की मान वाकडी होणे, गोल फिरणे, कंप, अंधत्व ही लक्षणे उमटतात. बहुधा दोन ते चार महिन्यांच्या करडांत हे दिसते. बाधित करडांपैकी थोड्यांनाच मेंदूचा विकार होतो. उरलेली निरोगी दिसत वाढतात आणि पुढे त्यांतील काहींचे सांधे सुजतात वा कास दगडासारखी कठीण होते. यावर औषध नाही, लसही नाही.

करडाचा प्रत्येक लुळेपणा याच रोगाचा नसतो. ताम्राची न्यूनता, थायामिनचा अभाव, लिस्टेरिया, धनुर्वात, कुत्र्याच्या पट्टकृमीमुळे मेंदूत होणारी गाठ आणि रेबीज यांचा विचार पशुवैद्यकानेच करावयाचा असतो.

आपले कर्तव्य

वाग्भटांनी धारोष्ण दुधास अमृताची उपमा दिली आहे. त्या वचनाविषयी पूर्ण आदर राखूनही आमचे नम्र मत असे की, अपरिचित शेळीचे दूध उकळूनच द्यावे. प्रस्तुत विषाणू मनुष्यास बाधत नसला, तरी शेळीच्या कच्च्या दुधातून ब्रुसेलाचा ज्वर निश्चितपणे येऊ शकतो. औषधनिर्माते वत्सनाभाचे शोधन अजादुग्धात करतात तेव्हा दोलायंत्रात दूध उकळतेच. आश्च्योतनासाठी मात्र ते कच्चे वापरण्याचा प्रघात आहे, तेथे उकळून निववलेले दूध घ्यावे. दूध पुरविणाऱ्याकडे शेळ्यांचे गुडघे, कास आणि करडांची चाल यांची चौकशी करावी. संशय आल्यास पशुवैद्यकांमार्फत रक्ताचा नमुना पुण्यात औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठविण्याविषयी विचारावे. शेळीपालकास सांगावे की बाधित शेळीची करडे जन्मतःच वेगळी करावीत, चीक ५६ अंश सेल्सिअसवर एक तास तापवून पाजावा आणि दूध पाश्चरीकृत द्यावे.

आमच्या बालरुग्णास सुदैवाने काही अपाय झाला नाही. करडू फुफ्फुसदाहाने गेले. शेळीचे रक्त तपासावे म्हणून आम्ही वाडीवर गेलो, तेव्हा आदल्याच आठवडी बाजारात ती विकली गेली होती. निदान संशयापुरतेच राहिले. सुजलेल्या गुडघ्यांची ती शेळी आज कोणाच्या तरी गोठ्यात असेल, आणि तिचे दूध कोणा वैद्याने कोणा बालकास सांगितलेही असेल. त्या वैद्यबंधूने दूध योजण्यापूर्वी शेळी एकदा पाहावी, एवढ्याचसाठी हे लिहिले.