ज्वारीचे बी राखता, मग आजीची ओवी का नाही?

आज खताची मात्रा नाही की फवारणीचे वेळापत्रक नाही. आज गाण्यांविषयी चार गोष्टी बोलायच्या आहेत. ‘साहेबांना हे कुठून सुचले?’ असे म्हणाल, तर तेच आधी सांगतो.

गेल्या सप्टेंबरात माण तालुक्यातील एका गावी रब्बी ज्वारीची शेतीशाळा होती. किलोभर बियाण्याला ४ ग्रॅम गंधक चोळून काणी रोग कसा टाळायचा, हे दाखवून झाले आणि पाऊस कोसळू लागला. वीज गेली. आम्ही पंधरा-वीस माणसे देवळाच्या सभामंडपात अडकलो. एका तरुणाने वेळ घालवायला मोबाईलवर ‘सैराट’मधले गाणे लावले. २०१६ सालच्या या चित्रपटाला अजय-अतुल यांचे संगीत आहे. पोरे माना डोलवू लागली.

कोपऱ्यातून एक ऐंशी ओलांडलेले तात्या म्हणाले, “बंद कर रे ते. गाणं असं असतं होय?”

“मग तुमचं कोणतं, तात्या?” पोराने हसत विचारले.

तात्या सावरून बसले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. गदिमांचे शब्द आणि सुधीर फडके यांची चाल. दर आठवड्याला एक नवे गीत, अशी वर्षभरात ५६ गीते झाली. तात्या तेव्हा अकरा वर्षांचे होते. गावात एकाच घरी रेडिओ होता. त्याच्या ओट्यावर माणसे पायताणे काढून बसत, असे ते म्हणाले. पुढच्याच वर्षी, १९५६ साली, पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला. शेतीचा सल्ला आणि रामाचे गाणे एकाच खोक्यातून येऊ लागले.

मग साठीच्या एक वहिनी हळूच म्हणाल्या, “मला बाई सुलोचना चव्हाणांची लावणी आवडते. सासूबाई रानात गेल्या की रेडिओ बारीक करून ऐकायचे.” डोक्यावरचा पदर ढळू न देता लावणी गाणाऱ्या सुलोचनाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या. वहिनींच्या शेजारीच त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मला ठावं होतं गं. बांधापर्यंत ऐकू यायचं.” सारा सभामंडप हसला.

माझी पाळी आली तेव्हा मी ‘जैत रे जैत’चे नाव घेतले. १९७७ सालच्या त्या चित्रपटाची गाणी ना. धों. महानोरांची, चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या. महानोर पळसखेड्याचे, स्वतः शेती करणारे कवी. २०२३ साली ते गेले. पेरणी केलेल्या माणसाने पावसावर लिहिले की त्याचा शब्द वेगळा लागतो, असे मला वाटते.

शेवटी सगळ्यांनी त्या सासूबाईंना, म्हणजे आजींना, आग्रह केला. “जात्याबगर ओवी कशी यायची?” त्या म्हणाल्या. नातवाने पोते पुढे सरकवले. आजींनी त्यावर हाताची मूठ ठेवली, दळल्यासारखी गोल फिरवली आणि ओवी आपोआप आली. एकामागून एक नऊ ओव्या झाल्या. कुणी भावावर, कुणी विठ्ठलावर, आणि तीन १९७२ च्या दुष्काळात खडी फोडतानाच्या. त्या वर्षीची मजुरांची हजेरी सरकारी दप्तरात सापडेल. पण अंगावरचे मूल सावलीला ठेवून खडी फोडणाऱ्या बाईला काय वाटले, ते त्या तीन ओव्यांत होते. वहिनी म्हणाल्या, “चाळीस वर्षं घरात आहे, पण या मी कधी ऐकल्या नव्हत्या.”

नातवाने ते मोबाईलवर घेतले होते. ते पाहून मला माझी चूक आठवली. १९९६ साली माझ्या आईच्या ओव्या मी टेपवर घेतल्या होत्या. पुढे हरभऱ्यावरील घाटेअळीचे रेडिओभाषण घरी म्हणून पाहायचे होते. हाताशी कोरी कॅसेट नव्हती. मी तीच वापरली. ‘आईचे काय, पुन्हा घेऊ,’ असे म्हणालो. २००४ साली आई गेली. ती कॅसेट आजही घरात आहे. तिच्यात घाटेअळी आहे, आई नाही.

चित्रपटातली गाणी, गीतरामायण, लावण्या कुठे ना कुठे मिळतील. घरातले गाणे मात्र घरातच मिळते. पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण जात्याबरोबर ओवीही उठली. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. घरच्यांनी त्यांची गाणी उतरवून ठेवली, म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ती पुस्तकरूपाने आपल्या हाती आली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळ आता ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. पण तुमच्या आजीची ओवी तिथे असेलच असे नाही.

तेव्हा एवढे करा. आधी आजीला विचारा. तिची इच्छा असेल तरच घ्या. दार लावून पंखा बंद करा. मोबाईल तिच्यापासून हातभर अंतरावर, उशीवर ठेवा. सुरुवातीला तिचे नाव, माहेर, गाव आणि तारीख तिच्याच तोंडून घ्या. ही ओवी कधी म्हणत, कुणाकडून शिकली, तेही विचारा. मध्ये बोलू नका. नंतर वहीत उतरवा आणि दोन ठिकाणी प्रत ठेवा, कारण मोबाईल हरवतो, फुटतो.

चांगले कणीस पाहून आपण बी बाजूला काढतो, राखेत घोळवून मडक्यात जपतो. का, तर पुढच्या वर्षी पेरायचे असते. हेही तसेच आहे. या रविवारी तासभर काढा. मी म्हणालो तसे ‘पुन्हा घेऊ’ म्हणू नका.