मूठभर तांदळाचा हिशोब



गेल्या महिन्यात एका ग्रामसंघाच्या बैठकीला गेले होते. विषय होता बैठकीच्या शेडची डागडुजी. सामानाला पैसे हवेत, कामाला हात हवेत. ठरलं असं, की प्रत्येकीने दोनशे रुपये द्यायचे आणि एक दिवस श्रमदान करायचं. नाही आली तर पन्नास रुपये दंड. मागे बसलेली एक ताई हळूच म्हणाली, "मॅडम, रोज बुडवून श्रमदानाला आले, तर संध्याकाळी चूल कशी पेटवू?" पुढच्या बैठकीला ती आलीच नाही.

घरी येताना मला मिझोरामच्या बाया आठवल्या. समाजकार्याचं शिक्षण घेताना त्यांच्याबद्दल शिकले होते. आज तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मिझोराम हे ईशान्य भारतातलं डोंगराळ राज्य. तिथले बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत. १८९४ मध्ये तिथे मिशनरी आले आणि हळूहळू गावोगावी चर्च उभी राहिली. चर्च चालवायचं, प्रचारक पाठवायचे, तर पैसा लागणार. पण गावातल्या बायांच्या हातात रोख पैसा कुठून असणार? त्यांच्या हातात होता तो रोजच्या स्वयंपाकाचा तांदूळ. त्यातूनच १९१० मध्ये एक पद्धत सुरू झाली. तिचं नाव 'बुहफाइ थाम', म्हणजे मूठभर तांदूळ.

पद्धत अगदी साधी आहे. भात शिजवायला तांदूळ काढला, की त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. चर्चच्या महिला मंडळातल्या बाया घरोघरी जाऊन तो तांदूळ गोळा करतात. मग तो विकायचा आणि आलेला पैसा चर्चच्या कामाला द्यायचा. शंभरहून जास्त वर्षं ही पद्धत टिकली आहे.

ती का टिकली, हे नीट बघू या.

पहिलं म्हणजे, मूठ आधी काढतात. जेवून उरलेलं देत नाहीत. आपण गटात शिकतो ना, खर्च करून उरलं तर बचत असं नाही, आधी बचत आणि मग खर्च. तेच हे.

दुसरं, मूठ जिची तिची असते. कोणी वजन करत नाही. मोठ्या घरातून जास्त येईल, गरीब घरातून कमी. पण डबा दोघींच्याही घरी असतो. 'मला परवडत नाही' म्हणून कोणी बाहेर राहत नाही. आपल्या ताईला दोनशे रुपयांनी बाहेर काढलं, मुठीने काढलं नसतं.

तिसरं, देणं आणि राबणं ही दोन्ही कामं वाटलेली असतात. तिथे गावकीचं कामही असंच चालतं. त्याला 'ह्नातलांग' म्हणतात. रस्ता, पाणी, साफसफाई यासाठी घरटी एक माणूस येतो. १९३५ मध्ये सुरू झालेली तरुणांची संघटना, आजची यंग मिझो असोसिएशन, कुणाच्या घरी मयत झाली तर कबर खणण्यापासून त्या घरासोबत बसण्यापर्यंत सगळं करते. न सांगता दुसऱ्यासाठी पुढे होण्याच्या या वृत्तीला ते 'त्लॉमङाइह्ना' म्हणतात.

आपल्यालाही हे नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातल्या मुलांसाठी मुष्टिफंड जमवला, तेव्हा आपल्याच आज्या-पणज्यांनी मूठ मूठ धान्य दिलं होतं.

पण एक गोष्ट डोळे उघडे ठेवून बघायला हवी. त्या चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मूठ बायांनी काढली, पाळकाची दीक्षा मात्र पुरुषांनाच मिळत आली. मूठ आपली आणि निर्णय दुसऱ्याचा, असं आपल्याकडे होऊ द्यायचं नाही. पैसा कुठे जाणार हे मूठ देणाऱ्या बायांनीच बैठकीत ठरवायचं.

आपल्या ग्रामसंघात हे करायचं असेल तर चार गोष्टी पाळा:

१. मुठीची वही वेगळी ठेवा. गटातली बचत ही तुमची आहे, ती व्याजासकट परत मिळते. मूठ ही दिलेली वस्तू आहे. दोन्हींची सरमिसळ केली की भांडण ठरलेलं.

२. काय जमलं आणि कशाला गेलं, ते दर बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. कुणी किती दिलं, हे मात्र वाचू नका.

३. गोळा करायची पाळी लावा. नेहमी त्याच चार-पाच जणी राबल्या, तर त्या थकतात आणि बाकीच्यांना सवय लागते.

४. दंड लावू नका. रोजंदारीवर जाणारीला संध्याकाळचं किंवा सुट्टीच्या दिवसाचं काम द्या. पहिल्या वर्षी एकच छोटं काम हातात घ्या.

चर्चमध्ये माणसं श्रद्धेने बांधलेली असतात. आपल्या संघात सगळ्या धर्माच्या, सगळ्या जातीच्या बाया आहेत. आपल्याला बांधून ठेवतो तो विश्वास, आणि तो चोख हिशोबातून येतो.

त्या ताईच्या घरी मी परवा जाऊन आले. दोनशे रुपयांचं बोलले नाही. मुठीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "एवढं तर मी देईन की." येत्या बैठकीत हा विषय मांडायचा आहे. तुमच्या संघात तुम्हीही मांडा, आणि काय ठरलं ते नक्की कळवा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक