उपग्रहाचा माग आणि शेताचा बांध

उपग्रहाने काढलेल्या चित्रांवरून पिकांची पाहणी होते, ही गोष्ट आता आमच्या वाचकांस नवी राहिलेली नाही. पीक विम्याच्या कामीही अशा चित्रांचा आधार घेतला जाऊ लागला आहे. चित्रात पीक हिरवे दिसले की करपलेले, याची चर्चा पुष्कळ होते; परंतु ते चित्र आपल्याच शेताचे कशावरून, हे फारसे कोणी विचारीत नाही. वास्तविक तोच पहिला प्रश्न होय, आणि चित्र घेतेवेळी उपग्रह नेमका कोठे होता हे कळल्यावाचून त्याचे उत्तर मिळत नाही.

उदाहरणादाखल आपल्या देशाचा 'रिसोर्ससॅट-२' हा उपग्रह घेऊ. तो २० एप्रिल २०११ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. सुमारे ८१७ किलोमीटर उंचीवरून, उत्तर व दक्षिण ध्रुवांजवळून जाणाऱ्या वाटेने फेऱ्या घालण्याची त्याची योजना. एक फेरी सुमारे १०१ मिनिटांची. तेवढ्या अवधीत पृथ्वी पूर्वेकडे फिरलेली असते, म्हणून विषुववृत्तावर प्रत्येक फेरीची वाट मागील वाटेच्या सुमारे २८०० किलोमीटर पश्चिमेस पडते. २४ दिवसांत ३४१ फेऱ्या पुऱ्या झाल्या म्हणजे पुन्हा पहिली वाट येते. अशा उपग्रहाच्या पायाखालची जमीन सेकंदास साधारण साडेसहा किलोमीटर या वेगाने मागे जाते. वेळेच्या हिशेबात एका सेकंदाची चूक झाली तर चित्र आपल्या गावचे न ठरता शेजारच्या गावचे ठरावयाचे. सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याची चूक झाली तरी साडेसहा मीटरांचा फरक पडतो. आणि एवढ्या पट्ट्यासाठी भाऊबंदांचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात, हे वाचकांस आम्ही काय सांगावे!

असा माग काढण्याची एक नामी युक्ती पहिल्याच उपग्रहाच्या वेळी सापडली. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएट रशियाने 'स्पुटनिक' सोडला. अमेरिकेत मेरीलँड येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील विल्यम गायर व जॉर्ज वायफेनबाख हे दोन शास्त्रज्ञ त्याचा बिनतारी नाद ऐकू लागले. आगगाडी शिटी वाजवीत आपल्याकडे येत असता शिटीचा सूर चढा लागतो आणि गाडी पुढे निघून गेली म्हणजे तो उतरतो, हा अनुभव सर्वांचा आहे. उपग्रहाचा नादही तसाच चढतो व उतरतो. तो केव्हा व किती उतरला, एवढ्यावरून या दोघांनी त्याची सारी वाट गणिताने काढली. पुढे १९५८ साली त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लूर यांनी उलटा प्रश्न घातला: वाट आधीच ठाऊक असेल, तर ऐकणारा कोठे उभा आहे हे निघेल काय? निघेल, असे ठरले. उपग्रहांवरून जागा ठरविण्याच्या विद्येचा पाया असा घातला गेला. मोजणी खात्याचे भूकरमापक आज बांधावर जे 'रोव्हर' यंत्र उभे करतात, ते याच विद्येच्या वंशातले.

याच सुमारास केवळ डोळ्यांचा भरवसाही सोडलेला नव्हता. उपग्रहांची छायाचित्रे घेणारे बेकर-नन जातीचे मोठे कॅमेरे जगात बारा ठिकाणी मांडण्यात आले, त्यांपैकी एक आपल्याकडे नैनितालच्या वेधशाळेत होता. चित्रात मागे तारे व त्यांतून सरकणारा उपग्रह. ताऱ्यांची ठिकाणे ठाऊक असल्यामुळे उपग्रहाचे ठिकाण निघे.

एकदा वाट काढली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. इतक्या उंचीवरही हवेचा अति विरळ अंश असतो आणि तो उपग्रहास किंचित अडवितो. सूर्य क्षुब्ध झाला म्हणजे वरची हवा तापून फुगते व हा अडथळा वाढतो. अमेरिकेची 'स्कायलॅब' १९७३ साली वर गेली. ती अपेक्षेपेक्षा लवकर खाली येऊ लागली त्याचे कारण हेच. ती कोठे पडणार याचा अदमास शेवटपर्यंत पक्का होईना. आपल्याकडेही त्या वेळी केवढी घबराट उडाली होती हे वयोवृद्ध वाचकांस स्मरत असेल. अखेर ११ जुलै १९७९ रोजी तिचे तुकडे हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्स गावाच्या आसपास पडले.

यास्तव माग नित्य काढावा लागतो. आपल्याकडे हे काम भारतीय अंतराळ संशोधन संस्थेची बंगळूर येथील शाखा पाहते. जमिनीवरील तबकडीसारखी थाळी उपग्रहाच्या मागोमाग वळत राहते. तिने पाठविलेला संकेत परत येण्यास किती वेळ लागला यावरून अंतर कळते. एका ठाण्यास तो एका खेपेस फार तर पंधरा मिनिटे दिसतो, म्हणून ठाणी अनेक लागतात. नव्या उपग्रहांत स्वतःची जागा ओळखणारे यंत्रही बसविलेले असते. एवढे करूनही जी चूक उरते ती, धरणाची भिंत किंवा रस्त्यांचा चौक अशा पक्क्या खुणांशी चित्र ताडून काढून टाकतात. आमच्या मते शेतकऱ्याच्या दृष्टीने ही शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याविषयीच सर्वांत कमी बोलले जाते.

कारण रिसोर्ससॅटच्या 'लिस-३' या कॅमेऱ्याच्या चित्रातील एक चौकट २३.५ मीटर लांबीरुंदीची, म्हणजे सुमारे साडेपाच गुंठ्यांची असते. वीस एकरांचे सलग शेत असल्यास चित्र एक चौकट सरकले तरी बिघडत नाही. दहा गुंठ्यांच्या चिंचोळ्या तुकड्यात मात्र तेवढ्याने शेजाऱ्याचा ऊस आपल्या नावावर चढेल आणि आपली करपलेली ज्वारी कोणाच्याच हिशेबात यावयाची नाही. त्याच उपग्रहाच्या 'लिस-४' कॅमेऱ्याची चौकट ५.८ मीटरांची, म्हणून लहान तुकड्यांस ती बरी. खरिपात आभाळ भरलेले असता मात्र हे दोन्ही कॅमेरे निरुपयोगी. तेथे ढगांतून पाहणारे रडारच हवे.

तेव्हा उपग्रहाच्या चित्रावरून कोणी नुकसानीचा आकडा सांगू लागल्यास वाचकांनी तीन गोष्टी लेखी मागाव्या: चित्राची तारीख, एका चौकटीत किती गुंठे येतात, आणि चित्र आपल्या शिवारातील कोणत्या खुणांशी ताडून पाहिले आहे. तिसऱ्याचे उत्तर न मिळाल्यास गट क्रमांक घालून प्रत्यक्ष पाहणीचा अर्ज मुदतीत द्यावा व त्याची पोच घ्यावी.